सभासद क्रमांक एक

आगाशी,
२ मार्च २००७

प्रिय नीलू,

हातानं पत्ता लिहिलेलं पाकीट पाहून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे, म्हणजे आता जितकं असू शकतं तितकं आहे. गुडघा सोडला तर मी धडधाकट आहे. विघ्नेश वाडी नीट सांभाळतो. मध्ये पंप बिघडला होता, तो त्यानं स्वतः जाऊन दुरुस्त करून आणला. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं हे मलाही कळतं. पण फोनवर तू ‘बोल ना आई’ म्हणतोस आणि मागे कळफलकाची टकटक चालूच असते. मग मी हवापाणी सांगते आणि फोन ठेवते. पत्र वाचताना निदान हात तरी अडकलेले असतात.

मुद्द्याचं आधीच सांगते, कारण मुद्दा शेवटी ठेवला तर तू अर्ध्यातच ‘नंतर वाचू’ म्हणून पत्र बाजूला ठेवशील. तुला एकदा इथे यायला हवं. अण्णा कार्तिकात गेले, आता फाल्गुन लागला, आणि तू अजून आलेला नाहीस. मी रागावलेली नाही. म्हणजे रागावले होते, पण राग धरून ठेवायला समोर माणूस लागतं. भिंतीशी किती दिवस भांडायचं? तू का यायला हवं ते मात्र मला सावकाशच सांगावं लागेल, आणि त्यासाठी तुझ्या त्या ‘देवघेव’पासून सुरुवात करावी लागेल.

तुला ती उन्हाळ्याची सुट्टी आठवते का रे? अमेरिकेहून तू पहिल्यांदाच घरी आला होतास. वाचनालयात मी एकेका पुस्तकाचं कार्ड शोधत बसते हे बघून तुला हसू आवरेना. कोणीतरी देणगी दिलेला कॉम्प्युटर कोपऱ्यात पडला होता आणि मी त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घालून ठेवला होता. तू रुमाल काढलास आणि सुट्टी संपेपर्यंत त्या खुर्चीतून उठला नाहीस. प्रोग्रॅमला नाव काय द्यायचं विचारलंस, तर मी म्हटलं, आम्ही आपलं देवघेव म्हणतो, तेच ठेव. मग पहिला सभासद कोण? तेवढ्यात अण्णा तुला जेवायला बोलवायला जिना चढून आले, पायाला वाडीतला चिखल तसाच. तू त्यांनाच उभं केलंस आणि नाव घातलंस: सभासद क्रमांक एक, जयवंत राऊत. दोन नंबरला मी. वाचनाचा आणि अण्णांचा काय संबंध! पण त्यांनी मान वाकडी करून सगळी कपाटं पाहिली आणि केळीवरच्या रोगांचं एक जाडं पुस्तक काढलं. दुसऱ्या दिवशी ते परत आणून दिलं, आणि पडद्यावर ‘जमा’ असं उमटल्यावर माणूस असा खूश झाला, जणू राजेळीचा पहिला घड उतरवलाय.

तू परत गेलास, पण पुढे नवी आवृत्ती आली की अण्णा धुतलेला सदरा घालून वाचनालयात हजर. तेच केळीचं पुस्तक न्यायचं, दुसऱ्या दिवशी तेच परत आणायचं. अहो, निदान दुसरं एखादं घ्या, मी म्हणायची. त्यावर म्हणायचे, मी वाचायला आलो नाही, पोराचं काम तपासायला आलोय. एकदा तू तिकडून कळवलंस की परत केलेलं पुस्तक दोनदा दिसतं ती चूक आता दुरुस्त झाली, विषय बंद. अण्णा तपासायला आले, तर पुस्तक आपलं दोनदाच दिसतंय! काय चिडले होते. म्हणाले, रोग गेला की नाही हे वैद्यानं नाही सांगायचं, रोग्यानं सांगायचं. मी त्यांचं बोलणं जसंच्या तसं तुला कळवलं आणि तू त्याचा नियमच करून टाकलास. ज्यानं चूक नोंदवली त्यानंच तपासून ‘झालं’ म्हणायचं, तोवर ती कोणी बंद करायची नाही. आज चंद्रपूरपासून मालवणपर्यंतची वाचनालयं तो नियम पाळतात. तो केलेला आहे आगाशीच्या एका वाडीवाल्यानं, हे त्यांच्या गावीही नसेल.

मग या कामाला तुझ्याभोवती पोरं जमली. नागपूरची स्वप्ना, पुण्याचा हर्षवर्धन, आणखी कोणी दुबईत, कोणी कुठे. कोणाला पैसा नाही की मानपान नाही, घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजणारी पोरं सगळी. सुरुवातीला ज्याला जी चूक आवडेल ती त्यानं घ्यावी असं होतं. झालं काय, गमतीच्या चुकांवर सगळ्यांच्या उड्या आणि छपाईत ओळ सरकते, तारीख उलटी येते असली किचकट कामं तशीच लोळत पडलेली. तू फोनवर वैतागला होतास. कधी नव्हे ते अण्णांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि वाडीतलं सांगितलं तुला. सकाळी वाडीला पाणी देणाऱ्या त्या बावखलाच्या काठावर बसून ते माणसांना काम वाटून द्यायचे. केळीला टेकू कोणी लावायचे, पानवेली कोणी बांधायच्या. ज्याला जे जमतं ते त्याला. पण बावखलातला गाळ उपसायचं काम, ज्याला कोणी राजीखुशीनं हात लावत नाही, ते वाटायचंच नाही. ते मालकानं आपल्या नावावर ठेवायचं. त्या दिवसापासून तू दर रविवारी बसून वाटणी करायला लागलास, आणि सगळ्यात अवघड चुकेपुढे न चुकता तुझंच नाव. वाचनालयात इंटरनेट नव्हतंच, म्हणून मी सोमवारी एसटीनं बोळिंजला आग्नेलच्या सायबर कॅफेत जायची, वाटणीचं ते पान बघायची आणि घरी येऊन अण्णांना सांगायची की या आठवड्यात पोरानं कुठला गाळ उपसायला घेतलाय. ते मान डोलवायचे.

याच सुमारास तुझ्या पत्रांचा ओघ आटला. मी आपली लांबलचक ईमेल लिहायची. वाडीत काय लावलं, कोणाचं लग्न ठरलं, केळी वाळवून केलेली सुकेळी यंदा कशी झाली, ती तुझ्यापर्यंत पोचवायला कोण निघालंय. तुझं उत्तर यायचं: ‘छान. काळजी घ्या. नंतर लिहितो.’ ते ‘नंतर’ काही उगवायचं नाही. एकदा मात्र मी त्या चुकांच्या पानावर नोंदवलं की सभासदाचं नाव लांब असलं तर कागदावर अर्धंच छापलं जातं. दुसऱ्याच दिवशी तुझं उत्तर, आणि तेही असं ऐसपैस! प्रिंटर कोणता, कागद कोणता, नाव कुठे तुटतं, सगळं विचारलेलं. वर, ‘इतक्या बारीक नजरेनं पाहिल्याबद्दल मनापासून आभार.’ आग्नेल माझ्याआधी ओरडला, ‘आँटी, रिप्लाय आला बघा! एकदम फास्ट!’ मी तो कागदावर छापून घेतला आणि घरी अण्णांना वाचून दाखवला. त्यांनी परत वाचायला लावला. प्रिंटरचा भागसुद्धा.

मग काय, आम्हाला चटकच लागली. घरचं लिहावं तर चार शब्द, आणि कीड दाखवावी तर पानभर! मी वाचनालयात मोकळी असले की उलट्यासुलट्या कळा दाबत बसायची, काही बिघडतंय का बघायला. अण्णा बाजूला स्टूल ओढून बसायचे आणि सुचवायचे, आता एकाच माणसाला एकच पुस्तक दोनदा दे बघू. काही सापडलं की आम्हाला आनंद, नाही सापडलं की त्यांचा चेहरा उतरायचा. आपल्या पोराचं काम चोख निघालं म्हणून खट्टू होणारे आईबाप जगात आम्हीच असू. तुला तेव्हा गंमत वाटली असेल की आगाशीचं वाचनालय एवढ्या तक्रारी का करतं. कधी विचारलं असतंस तर सांगितलं असतं.

आणि एका सोमवारी आमच्या नोंदीपुढे तुझं नाव नव्हतं. स्वप्ना असं होतं. त्याच्या पुढच्या सोमवारीही स्वप्ना. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. वाचनालयं वाढली होती, तुझ्या कंपनीतलं काम वाढलं होतं, आणि आमच्या तक्रारी त्या काय, केळीच्या पानावरच्या मुंग्या. त्या तू कशाला निवडत बसशील? स्वप्नाचं उत्तर तर तुझ्याहून नेटकं होतं. पण मला तिथे खुर्चीत बसल्या बसल्या रडू आलं. आग्नेलला वाटलं मशीन बंद पडलं म्हणून आँटी रडतायत. घरी अण्णांनी विचारलं, काय म्हणतो पोरगा? मी म्हटलं, आज तिकडे वीजच नव्हती. त्या वर्षी भारनियमनाला सगळे शिव्या घालत होते, मला मात्र त्याचा फार आधार झाला.

अण्णांचा डावा हात तोवर उचलेनासा झाला होता. तुला ते माहीत होतं, डॉक्टरांशी तू फोनवर बोललाही होतास. वाडीत जाणं बंद झालं आणि दिवसभर ओसरीवर बसून रस्त्यानं कोण गेलं, कोण नाही गेलं हे बघणं सुरू झालं. त्यातूनच त्यांना ते सुचलं. म्हणाले, तुमचा प्रोग्रॅम पुस्तकाची आठवण ठेवतो, माणसाची ठेवत नाही. एखादा माणूस तीन-तीन महिने फिरकला नाही तर त्याची चौकशी नको का करायला? मी ते नोंदवलं, ते हर्षवर्धनच्या वाट्याला गेलं आणि गणपतीच्या आसपास आलेल्या आवृत्तीत झालंही. सकाळी कॉम्प्युटर लावला की वर ठळक अक्षरात ‘चौकशी करा’ आणि खाली बरेच दिवस न आलेल्यांची नावं. आता ते तपासायला नको? अण्णांनी विघ्नेशकडून सदरा घालून घेतला, त्याच्या खांद्यावर हात टाकून वाचनालयाचा जिना चढले, धापा टाकत खुर्चीत बसले. केळीचं पुस्तक नावावर चढवलं. मग ती नावं एकेक करून वाचली आणि मला म्हणाले, या सगळ्यांकडे जाऊन ये. थोड्या वेळानं उगाचच हसून विचारलं, यात आपल्या नीलूचं नाव घालता येत नाही का गं? मी म्हटलं, तो सभासद कुठाय? हो, तेही खरंच, म्हणाले.

त्यानंतर ते वाचनालयात आले नाहीत. कार्तिकात अंगणात मांडवावर सुकेळी वाळत घातली होती, ऊन उतरलं म्हणून मी ती झाकायला गेले आणि परत येऊन पाहते तर संपलं होतं सगळं. विघ्नेशनं तुला फोन लावला तेव्हा मी त्याच्या शेजारीच उभी होते. तुझे व्हिसाचे कागद अडकलेले, निघालास तर परत तिकडे शिरता येणार नाही, आणि निघूनही वेळेवर पोचणार नाहीस. सगळं खरं होतं. ते तू विघ्नेशला एकेक करून सांगितलंस. मग मला फोन द्यायला लावून म्हणालास, अग्नी विघ्नेशला द्यायला सांग. आवाज नेहमीचाच, शांत, समजूतदार. दुसरं तू म्हणणार तरी काय होतास? विघ्नेशनं सगळं रीतीनं केलं, पुतण्या काय आणि मुलगा काय. मडकं त्यानंच खांद्यावर घेतलं. पण माझ्या मनात तेव्हा नको ते आलं. मला वाटलं, ही पण रविवारची वाटणीच झाली. वाटायला नको होतं, पण वाटलं.

दहावं-बारावं झालं, मी परत वाचनालयात जायला लागले. केळीचं पुस्तक मीच घरून नेऊन जमा करून घेतलं. घरात बसून तरी काय करू? तिथे चार माणसं येतात, पंख्याखाली पेपर वाचतात, बरं वाटतं. आणि मार्गशीर्षातल्या एका सकाळी कॉम्प्युटर लावला तर ‘चौकशी करा’च्या खाली पहिलंच नाव: जयवंत राऊत. बरोबरच होतं रे त्याचं. माणसानं तीन महिने पुस्तक नेलं नव्हतं. अण्णांनी सांगितलं तेच तो करत होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी मशीन लावायच्या आधी चष्मा काढून ठेवला. सभासदत्व रद्द करावं म्हटलं, तर रद्द केलं की सगळ्या जुन्या नोंदी पुसल्या जातात आणि तो क्रमांक पुढच्या नव्या सभासदाला मिळतो. म्हणजे उद्या कोणी शाळकरी मुलगी येऊन सभासद क्रमांक एक होणार. तुम्ही इतक्या हुशार पोरांनी एवढा सगळा विचार केलात, पुस्तक हरवलं तर काय, फाटलं तर काय, सभासद गाव सोडून गेला तर काय. सभासद मरतो हे तुमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. तुमचं वयच तसं, त्याला कोण काय करणार.

मी बोळिंजला गेले आणि नोंदवलं. फार काही लिहिलं नाही. ‘सभासद क्रमांक एक वारले आहेत. पुढे काय करावे?’ एवढंच. नाव घातलं नाही. क्रमांक एक कोण हे तुला सांगायची गरज नाही असं वाटलं मला. तूच तर घातला होतास तो. पुढचा रविवार गेला आणि मी सोमवारी जाऊन बघते, तर पुढे नाव स्वप्नाचं. नीलू, मी तेव्हापासून एकाच गोष्टीवर घोटाळते आहे. तू ते न वाचताच तिला दिलंस, की वाचून दिलंस? न वाचता दिलंस असं वाटतं तेव्हा संताप येतो. वाचलंस, तिथेच थांबलास, आणि हात लावायची हिंमत झाली नाही म्हणून तिच्याकडे सरकवलंस असं वाटतं तेव्हा वाटतं, आत्ता तू इथे असतास तर डोक्यावरून हात फिरवला असता. कुठलं खरं ते मला कळवू नकोस. दुसरं खरं आहे असं मी धरून चालले आहे, आणि त्यावर माझं बरं चाललंय.

स्वप्नाला यातलं काही माहीत नव्हतं. तिनं वाचनालयाच्या फोनवर फोन केला, ही नोंद कशी हवी ते विचारायला. वारलेल्या सभासदांचं वेगळं पान करू का, क्रमांक त्यांचाच ठेवू का, त्यांनी वाचलेली पुस्तकं दिसू देत का. इतकं हळुवार विचारत होती पोर. शेवटी म्हणाली, काकू, हे कोणी जवळचे होते का तुमच्या? मी सांगितलं. ती रडत म्हणाली, मला माहीत असतं तर मी हे घेतलंच नसतं, दादाला परत दिलं असतं. मी तिला म्हटलं, घेतलंयस तर चांगलं कर, आणि दादाला यातलं अक्षर कळवायचं नाही. शपथच घातली तिला. तिनं ती पाळली असावी. तेव्हा तिच्यावर डोळे वटारू नकोस. अशी मुलगी नशिबानं मिळते कामाला.

मधल्या काळातलं इकडचं थोडं सांगते. तुझे कागद पौषातच सुटले हे तू फोनवर बोलून गेलास, त्यानंतर मी कोणालाच काही उत्तर देऊ शकत नाही. राजोडीची जिजा मासळी घेऊन येते, पाटी उतरवायच्या आधी विचारते, ‘बाय, पोरगा नाय आला अजून? बापाला पोराच्या हातचं पानी नको काय?’ मी म्हणते, येणार आहे गं, काम असतं त्याला. ती म्हणते, ‘काम कोनाला नसते?’ आणि मला चार बोंबील जास्त घालून जाते. विघ्नेशनं यंदा राजेळीची नवी लावणी केली. बावखलात गाळ फार साचलाय, तो म्हणतो माणसं लावून काढू. मी म्हटलं, थांब जरा. का थांब म्हटलं ते मलाही नीट सांगता आलं नाही त्याला. पाडव्याला यंदा आपल्याकडे गुढी नाही, पण तुमची नवी आवृत्ती पाडव्याला निघणार आहे असं आग्नेलनं वाचून सांगितलं. आपल्या वाचनालयातल्या सत्यवतीबाई पौषात गेल्या. त्या पाककृतींची पुस्तकं न्यायच्या आणि हळदीचे डाग पाडून आणायच्या, त्यावरून माझं नेहमी त्यांच्याशी वाजायचं. आता त्या डागांची पानं उघडली की मी उगाच बघत बसते.

आता हे पत्र का लिहिलं ते. परवा आग्नेलकडे गेले तर तुझी ईमेल आलेली. तुझं नाव पाहून मी पदर सावरून बसले, अशी वेडी. त्यात लिहिलं होतं: ‘आदरणीय ग्रंथपाल, आपण नोंदवलेली अडचण दूर झाली आहे. कृपया तपासून ‘झालं’ असे कळवावे. आपल्या उत्तराअभावी नवी आवृत्ती थांबली आहे. आपला, नीलेश राऊत.’ सगळ्यांना जाते तीच, हे मला कळलं. तिचंच हे उत्तर आहे. स्वप्नानं काम फार सुंदर केलंय. आग्नेलनं सीडीवर उतरवून दिल्यावर मी ते सत्यवतीबाईंच्या नावावर तपासलं. त्यांचं नाव अलगद वेगळ्या पानावर गेलं, क्रमांक त्यांचाच राहिला, पाककृतींची सगळी पुस्तकं खाली दिसतात. तेव्हा तुमच्या पानावर मी ‘झालं’ असं कळवून आले आहे. माझ्यापायी बाकीच्या वाचनालयांचा पाडवा अडायला नको. पण अण्णांचं मी केलेलं नाही. आपल्या वाचनालयात ते अजून रोज सकाळी येतात, ‘चौकशी करा’च्या खाली, आणि मी त्या मशीनला रोज सांगते, करते हं. ते एक बटण आहे, दाबायला क्षणही लागत नाही. स्वप्नानं तिथे ‘नक्की?’ असं विचारण्याची सोय केलीय, तिथे माझं बोट थांबतं. हे माझं काम नाही. तू ये, त्यांच्या खुर्चीत बस, त्यांचं नाव वाच आणि तुझ्या हातानं ते कर. मग आपण दोघं बावखलावर जाऊ. यायला उशीर झाला तरी चालेल, मी तोवर थांबेन. फक्त हे एवढं विघ्नेशला करायला सांगू नकोस.

तुझीच,
आई